सातबाऱ्याबाहेरचा माणूस : मुळशी सत्याग्रह आणि कॅथलिक सामाजिक शिकवण

‘प्रतिष्ठा’ हा शब्द वर्गात शिकवताना आमची नेहमी थोडी अडचण होते. व्यवहारातल्या मराठीत प्रतिष्ठा ही मिळवण्याची, जपण्याची आणि प्रसंगी गमावण्याची गोष्ट आहे. ‘गावातील प्रतिष्ठित मंडळी’ असे आपण म्हणतो तेव्हा गावात अप्रतिष्ठितही कोणी आहेत, हे त्यात गृहीत असते. याउलट भारतीय संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असे शब्द येतात, तेव्हा जी कमवावी लागत नाही, कोणाला देता येत नाही आणि कोणाची काढूनही घेता येत नाही, अशी प्रतिष्ठा तेथे अभिप्रेत असते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. व्युत्पत्तीकडे गेलो तर मात्र वेगळाच उजेड पडतो. प्रति आणि स्था यांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ भाव स्थिरपणे उभे राहणे, ठाव असणे, असा आहे. ज्याला उभे राहायला जागा आहे त्याला प्रतिष्ठा आहे. ज्याच्या पायाखालची जागाच काढून घेतली जाते, त्याच्या प्रतिष्ठेचे काय होते?

हा प्रश्न शब्दकोशातला नाही. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला जो विस्तीर्ण जलाशय दिसतो, त्याच्या तळाशी हा प्रश्न शंभर वर्षे पडून आहे. पावसाळ्यात तेथे धबधबे पाहायला येणाऱ्यांची गर्दी होते. आमचे विद्यार्थीही जातात. मुळशी सत्याग्रहाचे नाव त्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले असते आणि सेनापती बापट या नावाचा रस्ता पुण्यात व मुंबईत त्यांनी पाहिलेला असतो. पण ‘सेनापती’ ही पदवी कोणत्या सैन्यावरून मिळाली, हे विचारले की बहुतेक जण गप्प बसतात. ते सैन्य भातखाचरांत राबणाऱ्या माणसांचे होते.

या लेखात आम्ही मुळशीचा लढा एका वेगळ्या विचारपरंपरेशेजारी ठेवून पाहणार आहोत. ती परंपरा म्हणजे १८९१ पासून पोपच्या परिपत्रकांतून आणि परिषदांच्या दस्तऐवजांतून घडत गेलेली कॅथलिक सामाजिक शिकवण. मुळशीच्या लढ्याची प्रेरणा ख्रिस्ती नव्हती. त्याचे पुढारी टिळकांच्या राजकारणात घडलेले होते आणि सत्याग्रहाचे साधन त्यांनी गांधींकडून घेतले होते. त्यामुळे ही जोडणी आमची आहे, इतिहासातली नाही. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : न्यायाचा हिशेब मांडताना माणूस म्हणून कोणाला मोजायचे? आणि आमच्या मते दोन्ही परंपरा या प्रश्नाशी जवळजवळ एकाच ठिकाणी अडखळल्या.

आधी घटना पाहू. मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज हवी होती आणि सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस कोकणाच्या बाजूला उंचावरून सोडला तर ती मिळू शकत होती. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले होते. पुढच्या योजनेसाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधण्याचे ठरले. त्यात पन्नासहून अधिक गावांची जमीन जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार सरकारला दिला होता आणि कंपन्यांसाठी जमीन घेण्याचीही सोय त्यात होती. कायद्याने फक्त मोबदला द्यायचा होता. संमती विचारायची नव्हती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे सत्याग्रही धरणाच्या जागी जमले आणि काम बंद पाडले. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट, शिवरामपंत परांजपे, न. चिं. केळकर ही नावे या लढ्याशी जोडलेली आहेत. ‘जान किंवा जमीन’ ही शपथ होती. गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’तून टाटांना सुचवले की कायदेशीर हक्कावर अडून न बसता त्यांनी लोकांशीच बोलावे. मे महिन्यात सहा महिन्यांसाठी काम थांबले. डिसेंबरात ते पुन्हा सुरू झाले, पुन्हा सत्याग्रह झाला, अटका झाल्या, स्त्रियाही तुरुंगात गेल्या. पुढे लढा ओसरत गेला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरील मजुरांची गाडी अडवली, त्यात पिस्तूल वापरले आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ मध्ये भिरा येथील वीजघर सुरू झाले. पूर्वेकडे वाहणारे मुळशीचे पाणी तेव्हापासून पश्चिमेकडे उतरते आणि मुंबईला वीज देते.

लढा का ओसरला, याचे उत्तर या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राजेंद्र व्होरा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मुळशीला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. त्यांनी या आंदोलनाची आतली रचनाही उघडी करून दाखवली. मुळशी पेट्यातील जमिनीचा मोठा भाग कर्जापायी सावकारांकडे गेलेला होता आणि त्यांतील अनेक सावकार पुण्यात राहणारे होते. कसणारा मावळा बहुधा त्यांचा कूळ होता. जमीन गेली तर मावळ्याचे सगळेच जाणार होते. सावकाराचे काय जाणार होते? वसुलीला कठीण असलेल्या डोंगरी जमिनीऐवजी रोख रक्कम हातात येणार होती. सावकारांनी आणि जमीनमालकांनी मोबदल्याची वाट धरली. मालकांनी मोबदला स्वीकारला आहे, हे पुढे गांधींनीही लढा सोडून द्यावा असा सल्ला देताना एक कारण म्हणून सांगितले. कायद्याच्या आणि नैतिकतेच्या नजरेत ‘मालक’ कोण, हे एकदा कागदावरून ठरले की कसणाऱ्याचा नकार निराधार होतो. तो कशाला नाही म्हणतो आहे? त्याचे होते तरी काय?

याच प्रश्नाला कॅथलिक सामाजिक शिकवणीच्या पहिल्या दस्तऐवजात एक उत्तर आहे. १५ मे १८९१ रोजी तेरावे लिओ यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक काढले. युरोपातील कारखान्यांमधल्या मजुरांची स्थिती हा त्याचा विषय. समाजवादाला विरोध आणि खाजगी मालमत्तेचे समर्थन हा त्याचा एक भाग असल्यामुळे आपल्याकडे ते बहुधा प्रतिगामी म्हणून बाजूला ठेवले जाते. पण मालमत्तेचे समर्थन लिओ कशाच्या आधारावर करतात, ते बारकाईने पाहिले पाहिजे. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा : माणूस जमिनीवर बुद्धी आणि शरीर खर्च करतो, तेव्हा त्या जमिनीवर त्याच्या व्यक्तित्वाची जणू मुद्रा उमटते. जमीन बदललेली असते आणि तो बदल तिच्यापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून ज्याच्या घामाने ती बदलली त्याचे ते फळ दुसऱ्याने भोगणे न्याय्य नाही.

हा युक्तिवाद मुळशीच्या खाचरावर ठेवून पाहावा. डोंगरउतारावर भातखाचर आपोआप होत नाही. दगड वेचावे लागतात, ताल धरावे लागतात, वाहून जाणारी माती अडवून पिढ्यान्‌पिढ्या थर साठवावा लागतो. एका पावसात बांध फुटला की पुन्हा सुरुवात. मुद्रा उमटणे म्हणजे काय, हे सह्याद्रीतल्या खाचराइतके स्पष्ट दाखवणारी गोष्ट क्वचितच असेल. आणि ही मुद्रा सावकाराच्या दस्तऐवजावर नव्हे, मातीवर आहे. लिओंचा युक्तिवाद त्याच्या टोकापर्यंत नेला तर तो कागदावरच्या मालकाच्या नव्हे, कसणाऱ्याच्या बाजूने पडतो. मात्र खुद्द लिओ तो तिथपर्यंत नेत नाहीत, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यांच्या लेखनात श्रमाची मालकी आणि वारशाने वा व्यवहाराने आलेली मालकी एकाच छत्राखाली सुरक्षित राहतात. मुळशीचा सावकारही त्या छत्राखाली उभा राहू शकला असता.

पुढच्या पाऊणशे वर्षांत या शिकवणीने ही फट ओळखली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजाने पृथ्वीवरील संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे, हा जुना ख्रिस्ती विचार पुन्हा पुढे आणला. १९६७ मध्ये सहावे पॉल यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’त खाजगी मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही असे स्पष्ट म्हटले आणि सामाईक हिताच्या आड येणारी मोठी जमीनधारणा काढून घेणे प्रसंगी आवश्यक ठरते, हेही मान्य केले. येथे मुळशीचा वाचक दचकतो. सामाईक हितासाठी जमीन काढून घ्यायची? मग टाटांचे म्हणणे तरी वेगळे काय होते? मुंबईच्या हजारो गिरणीकामगारांची रोजी, देशी उद्योगाची वाढ, परक्या भांडवलाशी टक्कर, ही सारी राष्ट्रहिताचीच कारणे होती. राष्ट्रवादी पुढाऱ्यांमध्ये मतभेद झाले ते याचमुळे.

भेद ‘सामाईक’ या शब्दात आहे. १८९४ च्या कायद्यातले ‘सार्वजनिक प्रयोजन’ ही बेरजेची कल्पना आहे. लाखांचा लाभ आणि काही हजारांचे नुकसान यांची वजाबाकी करून शिल्लक उरली की काम झाले. परिषदेने सामाईक हिताची जी व्याख्या केली ती बेरजेची नाही. समूहांना आणि त्यांतील प्रत्येक माणसाला आपले पूर्णत्व गाठता येईल अशी सामाजिक परिस्थिती म्हणजे सामाईक हित, असा तिचा आशय आहे. ज्यातून एकालाही वगळावे लागते ते बहुतांचे हित असू शकेल, सामाईक हित नव्हे. त्याच दस्तऐवजात मानवी प्रतिष्ठेवरील आघातांची यादी येते. गुलामगिरी आणि हद्दपारी यांच्याच रांगेत, माणसाला नफ्याचे निव्वळ साधन म्हणून वागवणारी कामाची परिस्थितीही तिथे ठेवलेली आहे.

शब्द असे नेमके आहेत. पण शब्द लिहिणाऱ्यांचा इतिहास तितका नेमका नाही आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. पंधराव्या शतकात, १४५५ मध्ये, पोपच्याच आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती प्रदेश जिंकण्याची आणि तेथील लोकांना गुलाम करण्याची मुभा दिली होती. १५३७ मध्ये तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवासी खरीखुरी माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही, असे जाहीर केले. तरीही जुन्या आज्ञापत्रांवर उभारलेल्या ‘शोधाच्या सिद्धान्ता’चा व्हॅटिकनने औपचारिक अव्हेर केला तो थेट मार्च २०२३ मध्ये.

या दोन टोकांच्या मधे दिवाडी बेटावरचा एक माणूस उभा आहे. मातेउश दी काश्त्रु हे सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे एका ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. शिक्षण झाले, बुद्धी होती, पण एतद्देशीय म्हणून गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारली गेली. ते १६२५ मध्ये रोमला पोहोचले, तेथे दीक्षा मिळाली आणि १६३७ मध्ये ते बिशप झाले. विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेशी आणि धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा संघर्ष आयुष्यभर चालला आणि १६७७ मध्ये रोममध्येच त्यांचा अंत झाला. कातडीच्या रंगावरून माणसाची पात्रता ठरवणाऱ्यांविरुद्ध चर्चच्या आतून उठलेला हा भारतीय आवाज होता. पण १६५३ मधील त्यांच्या प्रसिद्ध पत्रलेखाचे नावच ‘ब्राह्मणांचा आरसा’ आहे. गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती समाजाला उद्देशून लिहिलेला तो मजकूर आहे. गोऱ्यांनी नाकारलेली प्रतिष्ठा ते मागतात ती आपल्या कुळाच्या आणि जातीच्या थोरवीच्या आधारे. आपण माणूस आहोत एवढे कारण त्यांना पुरेसे वाटत नाही. वरच्या पायरीकडे पाहताना न्याय दिसतो, खालच्या पायरीकडे पाहताना तो दिसेनासा होतो. डॉ. आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे हे लक्षण धर्मांतरानेही पुसले गेले नव्हते.

एतद्देशीय धर्मगुरूंचा प्रश्न चर्चने पुढे हाती घेतला आणि त्यात पुन्हा तेरावे लिओच भेटतात. ‘रेरूम नोव्हारूम’नंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, भारतीय धर्मगुरू भारतीयांमधूनच घडावेत यासाठी त्यांनी श्रीलंकेतील कॅंडी येथे एक गुरुकुल स्थापन केले. तेच १९५५ मध्ये पुण्यात, नगर रस्त्यावर आले. मजुराच्या प्रतिष्ठेचे पत्र आणि एतद्देशीयांच्या पात्रतेचे पत्र अशी दोन पत्रे लिहिणाऱ्या पोपची ही संस्था आज मुळशीच्याच जिल्ह्यात आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपनी ‘चौदावे लिओ’ हे नाव घेतले, तेव्हा त्यामागे १८९१ चे ते परिपत्रक असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले.

वंशाचा प्रश्न असा उघडपणे मांडला गेला. १९८८ मध्ये व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने वंशवादावर स्वतंत्र दस्तऐवजच काढला. जातीचा प्रश्न मात्र मागे राहिला. नोव्हेंबर २००३ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी तमिळनाडूतील बिशपांना जातीय पूर्वग्रहांबद्दल बजावले आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चच्या आतही अस्पृश्यता पाळली जात असल्याची कबुली दिली. सव्वाशे वर्षांच्या शिकवणीला आपल्याच अंगणातला माणूस मोजायला इतका वेळ लागला.

मुळशीच्या लढ्याचीही हीच कसोटी घेतली पाहिजे, आणि ती घेताना आम्हांला संकोच वाटता कामा नये. बापटांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ‘जान किंवा जमीन’ या शपथेत ज्याच्या नावावर जमीनच नाही तो कुठे बसतो? मावळात कुळे होती, तसे महार होते, धनगर होते, कातकरी होते. कातकऱ्याचे जगणे रानावर, नदीवर आणि दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर उभे होते. पाणी चढले तेव्हा त्याचेही सर्वस्व बुडाले, पण मोबदल्याच्या रकान्यात त्याच्यासाठी ओळ नव्हती आणि घोषणेत शब्द नव्हता. शिवरायांच्या मावळ्यांचे वंशज म्हणून मुळशीकरांचा गौरव झाला. गौरव आणि प्रतिष्ठा यांतही अंतर आहे. गौरवाला वंशावळ लागते. प्रतिष्ठेला नुसता माणूस पुरतो.

कॅथलिक शिकवण आणि जमीन-पाण्याचा लढा यांची मराठीत प्रत्यक्ष गाठ पडली ती वसईत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्व करीत होते. बागायती जमिनींवर येऊ घातलेले काँक्रीट आणि टँकरने उपसले जाणारे विहिरींचे पाणी हे त्या लढ्याचे विषय होते. त्यांनी चर्चची शिकवण मराठी संतपरंपरेच्या भाषेत मांडली आणि ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, आजच्या धाराशिवमध्ये, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असा आक्षेप तेव्हा काहींनी घेतला. ‘मराठी माणूस’ हासुद्धा एक सातबाराच आहे आणि त्यावर कोणाचे नाव चढवायचे याचे तलाठी आपल्यातच असतात, हे त्या वादाने दाखवले. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले.

कायद्याला ही गोष्ट कळायला किती काळ लागला? महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा कायदा मात्र २०१३ च्या नव्या कायद्याने जाईपर्यंत देशात टिकला. नव्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीन नसलेल्या शेतमजुराला, कुळाला, कारागिराला स्थान दिले. मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे तेथे काम केलेले असावे आणि उपजीविका त्यावर अवलंबून असावी, अशी अट घातली. म्हणजे १९२१ च्या मुळशीतला सातबाऱ्याबाहेरचा माणूस कायद्याच्या भाषेत प्रथम ठळकपणे उमटला तो नव्वदाहून अधिक वर्षांनी. तो अंमलात किती उतरतो, हा प्रत्येक प्रकल्पाबरोबर नव्याने विचारावा लागणारा प्रश्न आहे.

कोणतीही नैतिक परंपरा तिच्या सर्वोत्तम वाक्यावरून जोखू नये, असे आम्हांला वाटते. सर्वोत्तम वाक्ये सगळ्यांकडेच असतात. मोजणीचा दिवस येतो तेव्हा यादीच्या शेवटी ती कोणाला बसवते, आणि यादीबाहेर राहिलेल्याची आठवण तिला किती दिवसांनी होते, यावर ती जोखावी. रोमला ती उशिरा झाली आणि पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींनाही. मुळशीच्या पाण्याकडे पाहताना आपल्या विद्यार्थ्यांनी सेनापती बापटांचे नाव जरूर घ्यावे. पण त्या पाण्याखाली खाचरे कोणाची होती एवढेच विचारून थांबू नये. ती कोणी घडवली होती आणि घडवणाऱ्याचे नाव कोणत्या कागदावर होते, हेही विचारावे. ‘प्रतिष्ठा’ या शब्दाचा दुसरा अर्थ तेथून शिकवायला सुरुवात करता येते.